बटाट्याचा श्वास मोजणारी कमला

अर्धापूरच्या कुठल्याही केळीवाल्या शेतकऱ्याला विचारा, घड कधी उतरवायचा. तो केळाच्या कडांकडे बघतो. कंगोरे बुजून केळ गोलसर झालं की विळा लावतो. हिरवा माल पिकवणीच्या खोलीत जातो आणि काही दिवसांत पिवळा होऊन बाहेर येतो. त्या खोलीत मधूनमधून ताजी हवा सोडावी लागते, हे तिथं काम केलेल्या पोरांना ठाऊक असेल. कारण आत हजारो केळी जोरात श्वास घेत असतात. पिकताना केळाचा श्वास कित्येक पटींनी वाढतो, ऑक्सिजन आत जातो, कार्बन डायऑक्साइड बाहेर साचतो, खोली गरम होते. घड झाडावरून तोडलाय, मुळं नाहीत, पानं नाहीत, तरी आतली एकेक पेशी चालूच असते.

वनस्पती श्वास घेतात हे तुम्ही शाळेतच पाठ केलंय. पण पेशीच्या आत तो ऑक्सिजन नेमका कोण घेतं, कुणाच्या हातून कुणाच्या हाती जातो, हे कुणी आणि कसं मोजलं? पेशी डोळ्यांना दिसत नाही. तिच्या आतला बदल तर मुळीच दिसत नाही. या प्रश्नाच्या उत्तरात ज्यांचा मोलाचा वाटा आहे, त्यांत एक नाव मराठी आहे. कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. दुर्गा भागवत तुम्हाला माहीत असतील. ‘ऋतुचक्र’ लिहिणाऱ्या, आणीबाणीत कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून सरकारला न घाबरता बोलणाऱ्या. कमला ही त्यांची धाकटी बहीण. या घरात न घाबरण्याची पद्धतच होती असं दिसतं.

कमलाचा जन्म १९११ चा, इंदूरचा. त्याच वर्षी बेंगळूरला टाटांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विद्यार्थ्यांची पहिली तुकडी आली. कमलाचे वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, दोघेही याच संस्थेत शिकलेले. त्यामुळे मुंबई विद्यापीठातून १९३३ साली भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.ला अव्वल आलेल्या या मुलीने पुढं कुठं जायचं, हे घरात जवळजवळ ठरलेलंच होतं. तिनं बेंगळूरला अर्ज केला. तो परत आला.

संस्थेचे संचालक तेव्हा सर सी. व्ही. रामन होते. नोबेल मिळून तीन वर्षं झालेली, देशभर नाव, संस्थेचे पहिले भारतीय संचालक. अर्ज नाकारण्याचं कारण मार्कांचं नव्हतं, जागा भरल्याचं नव्हतं. मुलगी आहे, एवढंच कारण. वडिलांनी आणि काकांनी रदबदली करून पाहिली, उपयोग झाला नाही. तेव्हा विशीतली कमला स्वतः गाडीत बसून बेंगळूरला गेली आणि थेट रामन यांच्यासमोर उभी राहिली. मला प्रवेश नाकारण्याचं कारण सांगा, आणि सांगता येत नसेल तर मी इथून हलणार नाही, असा तिचा पवित्रा होता. गांधीजींचा काळ होता तो. सत्याग्रह कसा करतात हे तेव्हा कुणाला शिकवावं लागत नव्हतं.

रामन नमले, पण अर्धेच. वर्षभर तिला नियमित विद्यार्थिनी मानलं जाणार नाही. काम पसंत पडलं तरच पुढं मान्यता. गाइड सांगतील तेव्हा, अगदी रात्रीसुद्धा काम करायचं. आणि तिच्यामुळं प्रयोगशाळेतल्या पुरुषांचं लक्ष विचलित होता कामा नये. या अटी तिनं मान्य केल्या. दुसरा रस्ताच नव्हता.

इथं जरा थांबून एक गोष्ट बघा. रामन यांनी जे केलं तोही एक प्रयोगच होता. मुलीला प्रयोगशाळेत सोडलं तर काय होतं, हे वर्षभर बघायचं. पण तुमच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला सर सांगतात की कंट्रोल नसेल तर रीडिंगला अर्थ नाही. ज्याच्यावर प्रयोग करायचा तो एक गट, आणि बाकी सगळं तसंच ठेवून फक्त ती एक गोष्ट न बदललेला दुसरा गट. त्या वर्षी प्रवेश घेतलेल्या मुलांपैकी किती जणांना असं वर्षभर तपासणीवर ठेवलं होतं? एकालाही नाही. जगाला अचूक मोजमाप शिकवणारा माणूस या एका बाबतीत कंट्रोल ठेवायला विसरला. तरी निकाल निर्विवाद लागला. वर्ष संपलं, कमलाचं काम बघून रामन यांनी तिला नियमित केलं, आणि पुढं मुलींना संस्थेत येऊ दिलं. पण हा अपमान ती विसरली नाही. आयुष्याच्या शेवटाकडे, महिला शास्त्रज्ञांच्या एका सभेत, रामन मोठे शास्त्रज्ञ होते पण मनाने कोते होते, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

बेंगळूरला तिचे गाइड होते एम. श्रीनिवासय्या. कडक माणूस, पण शिकवायला मिळालेल्या चांगल्या विद्यार्थ्यावर जीव टाकणारा. त्यांच्या हाताखाली तिनं दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केलं. आता डाळीत प्रथिन किती, हे मोजायचं कसं? प्रथिन वेगळं काढून तराजूत टाकता येत नाही. म्हणून वळसा घालावा लागतो. प्रथिनात नायट्रोजन असतो. डाळीचं पीठ तीव्र सल्फ्युरिक ॲसिडमध्ये उकळून पार विरघळवायचं, त्यातल्या नायट्रोजनचा अमोनिया करायचा, तो ऊर्ध्वपातन करून पकडायचा, टायट्रेशन करायचं, आणि नायट्रोजनच्या आकड्याला ६.२५ ने गुणायचं. केल्डाल पद्धत ही. तुमच्यापैकी ज्यांचा बायोकेमिस्ट्री विषय आहे त्यांनी ती केलीही असेल.

पण यात एक फट आहे. डाळीतला सगळाच नायट्रोजन प्रथिनातला नसतो. काही नायट्रोजन दुसऱ्याच पदार्थांत अडकलेला असतो, आणि तो मोजणीत घुसला की प्रथिन उगाच जास्त दिसतं. या प्रथिनाबाहेरच्या नायट्रोजनचा डाळींच्या बाबतीत कमलानं अभ्यास केला. विषय ऐकायला कोरडा वाटतो ना? मग २००८ सालची चीनमधली घटना वाचा. दुधात पाणी घातलं की प्रथिन कमी भरतं, म्हणून व्यापाऱ्यांनी मेलामाइन नावाचं नायट्रोजनने भरलेलं रसायन मिसळलं. यंत्रानं फक्त नायट्रोजन मोजला आणि दूध पास केलं. लाखो बाळं आजारी पडली, मूत्रपिंडात खडे झाले, काही दगावली. आपण जे मोजतोय तेच आपल्याला हवं होतं का, हा प्रश्न असा जिवावरचा असू शकतो.

१९३६ साली एम.एस्सी. झाली, आणि १९३७ च्या अखेरीस शिष्यवृत्ती घेऊन कमला केंब्रिजला न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाली. तिथल्या जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स, जीवनसत्त्वांच्या कामासाठी १९२९ चं नोबेल मिळालेले. त्यांचा एक जुना प्रयोग सांगायलाच हवा, कारण सजीवात झालेला बदल कसा मोजावा याचा तो वस्तुपाठ आहे. त्यांनी उंदरांच्या पिल्लांचे दोन गट केले. दोन्ही गटांना सारखंच शुद्ध केलेलं खाणं, म्हणजे दुधातलं प्रथिन, पिष्ट, साखर, चरबी आणि क्षार. पुस्तकाप्रमाणं पोषण पूर्ण. फरक एकच, एका गटाला रोज चमचाभरही भरणार नाही इतकं थोडं दूध. दूधवाले उंदीर वाढत राहिले, दुसऱ्यांची वाढ खुंटली. मग अठराव्या दिवशी त्यांनी अदलाबदल केली. ज्यांना दूध मिळत होतं त्यांचं बंद, दुसऱ्यांचं सुरू. वजनाच्या रेघा फिरल्या आणि एकमेकींना कापून गेल्या. १९१२ साली छापलेला तो आलेख बघितला की काही समजावून सांगावं लागत नाही. पहिल्या गटातले उंदीर मुळातच धष्टपुष्ट असतील, असं म्हणायला जागाच उरत नाही. पुढं ज्यांना जीवनसत्त्वं म्हणू लागले, त्यांच्या असण्याचा हा भक्कम पुरावा होता.

अशा माणसाच्या प्रयोगशाळेत कमला आली. जागेची टंचाई एवढी की टेबल मिळेना. डेरिक रिक्टर नावाच्या संशोधकानं आपलं टेबल तिला दिवसा वापरायला दिलं. रिक्टर दुसरीकडं गेले तेव्हा ती रॉबिन हिल यांच्याकडं वनस्पतींच्या ऊतींवर काम करू लागली. हिल हे नाव तुम्ही प्रकाशसंश्लेषणाच्या धड्यात ‘हिल अभिक्रिया’ म्हणून वाचलं असेल. तेच हे.

आता मुख्य गोष्ट. त्याआधी बारा-तेरा वर्षं, केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी एक विलक्षण गोष्ट बघितली होती. ते कीटकांचे स्नायू आणि यीस्ट छोट्या स्पेक्ट्रोस्कोपमधून बघत होते. पांढरा प्रकाश पेशींतून आरपार जाऊ दिला आणि त्याचे रंग पसरवले की रंगांच्या पट्ट्यात मध्येच काळपट रेघा दिसत. म्हणजे पेशीतला कुठला तरी पदार्थ तेवढाच रंग गिळून टाकतो. यीस्टच्या पाण्यात हवा घुसळली की रेघा गायब. हवा बंद करून थोडं थांबलं की रेघा परत. पेशी जिवंतपणी श्वास घेतेय आणि तो श्वास डोळ्यांना दिसतोय! पेशी न फोडता, न मारता. या पदार्थांना त्यांनी सायटोक्रोम म्हटलं. त्यातल्या सायटोक्रोम सी या प्रकाराची ठळक रेघ ५५० नॅनोमीटरच्या आसपास, हिरव्या रंगात येते. इलेक्ट्रॉन घेतला की रेघ उमटते, पुढं दिला की पुसट होते. सायटोक्रोम हे इलेक्ट्रॉनची ने-आण करणारे हमाल, आणि साखळीच्या शेवटी उभा असतो ऑक्सिजन.

प्राण्यांत आणि यीस्टमध्ये हे स्पष्ट दिसलं. पण झाडांचं काय? तिथं भानगड होती. पानात हरितद्रव्य ठासून भरलेलं, ते इतका रंग गिळतं की दुसरी कुठली बारीक रेघ त्यात हरवून जाते. आणि दुसरी अडचण तुम्ही स्वयंपाकघरात रोज बघता. बटाटा चिरून ठेवला की काळा पडतो, केळ सोलून ठेवलं की तपकिरी होतं. हे काम एका वेगळ्या एंझाइमचं, पॉलिफेनॉल ऑक्सिडेजचं. तेही ऑक्सिजन ओढतं. त्यामुळं झाडांचा श्वास सायटोक्रोमवर चालत नसून या काळं पाडणाऱ्या एंझाइमवर चालत असावा, असं मानणारे अभ्यासक तेव्हा होते. ऑक्सिजन कमी होतोय एवढं मोजून भागत नव्हतं. तो कोण घेतंय हे वेगळं करून दाखवायचं होतं.

कमलानं बटाटा निवडला. हरितद्रव्य नाही, ऊती भरपूर, बाजारात कधीही मिळणारा. अशा कामात साधारण काय करतात ते सांगते. बटाट्याचे पातळ काप एका छोट्या बंद भांड्यात ठेवतात. भांड्याला जोडलेली असते एक बारीक वाकडी नळी, त्यात रंगीत द्रव. काप श्वास घेतात, ऑक्सिजन कमी होतो. बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड भांड्यातच ठेवलेलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड शोषून घेतं, त्यामुळं तो हिशेबात येत नाही. दाब घटतो, नळीतला द्रव सरकतो. किती मिनिटांत किती मिलिमीटर सरकला, यावरून श्वासाचा वेग. तापमान अर्ध्या अंशानं हललं तरी रीडिंग चुकतं, म्हणून शेजारी काप नसलेलं तसंच एक भांडं, कंट्रोल म्हणून. मग सायनाइडसारखं विष थेंबभर घालायचं, जे सायटोक्रोमच्या साखळीचं शेवटचं टोक अडवतं. श्वास मंदावला तर साखळी खरी. एंझाइम वेगळं काढायचं, त्यात सायटोक्रोम सी घालून बघायचं, वेग वाढतो का ते टिपायचं. आणि या सगळ्याबरोबर स्पेक्ट्रोस्कोपला डोळा लावून ती रेघ शोधायची. गॅस एक साक्ष देतो, रंग दुसरी. दोन्ही साक्षी जुळल्या तर मानायचं.

साक्षी जुळल्या. बटाट्यात आणि पुढं वनस्पतींच्या इतर ऊतींतही सायटोक्रोम सी सापडलं, आणि पेशीतल्या ऑक्सिडीकरणात त्याचा हात असल्याचं दिसलं. जी यंत्रणा माणसाच्या स्नायूत आणि यीस्टच्या पेशीत आहे, तीच अर्धापूरच्या केळीतही आहे, असं आज आपण बेधडक म्हणतो त्यामागं असं काम आहे. कमलानं प्रबंध लिहिला तो जेमतेम ४० पानांचा. तिथं येऊन चौदा महिन्यांत. १९३९ साली केंब्रिजनं तिला पीएच.डी. दिली. (हल्ली प्रबंधाची जाडी बघून पाहुणे प्रभावित होतात, त्यांच्यासाठी हे सांगितलं.)

तिला विज्ञानातली पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणतात. इंटरनेटवर तुम्हाला हेच वाक्य जागोजागी भेटेल. ते पदवीच्या नावापुरतं धरावं. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माल यांना अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी. १९३१ लाच मिळालेली होती. पहिल्या-दुसऱ्या क्रमांकापेक्षा बटाट्याची ती रेघ मला जास्त महत्त्वाची वाटते.

युद्ध तोंडावर होतं. परदेशात राहण्याचे रस्ते असूनही कमलाबाई १९३९ मध्ये परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात नव्यानं निघालेल्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. पण संशोधनाला तिथं वाव कमी, म्हणून निलगिरीतल्या कुन्नूरला पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून गेल्या आणि जीवनसत्त्वांवर काम केलं.

ही कुन्नूरची प्रयोगशाळा उंदरांसाठी प्रसिद्ध. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी तिथं देशाच्या वेगवेगळ्या भागांतला आहार उंदरांच्या वेगवेगळ्या गटांना खाऊ घालून त्यांची वजनं केली होती. सगळ्यांत भरले ते शीख आहारावरचे उंदीर, म्हणजे गव्हाची चपाती, दूध, लोणी, मोड आलेले हरभरे आणि भाज्या. हुजूर साहिबच्या गावातल्या वाचकांना हे वाचून बरं वाटेल. मराठा आहाराचा क्रमांक तिसरा लागला, पठाणांच्या मागोमाग. सगळ्यांत शेवटी पॉलिशच्या तांदळावरचे. हीच प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला हलली आणि आज तिला राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतात. नांदेडहून एका रात्रीच्या गाडीचं अंतर आहे. पोषणशास्त्रात काही करायचं मनात असेल तर लक्षात ठेवा.

१९४७ साली त्यांनी विमागणितज्ञ एम. व्ही. सोहोनी यांच्याशी लग्न केलं, कुन्नूर सोडलं आणि मुंबईला आल्या. इथं रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या विज्ञान संस्थेत, जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. आणि केंब्रिजची ही विदुषी वळली कशाकडं, तर गरिबाच्या ताटाकडं. डाळी, भाताचं पीठ, ताडीच्या झाडाचा रस. त्यांच्या विद्यार्थ्यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं.

त्यातलं वालाचं काम मला फार आवडतं. कच्चा वाल खाल्ला तर पोट बिघडतं हे घराघरात माहीत आहे. का बिघडतं? कारण वालात एक प्रथिन असं असतं जे आपल्या आतड्यातल्या ट्रिप्सिन या पाचक एंझाइमला जाऊन चिकटतं आणि त्याचं काम बंद पाडतं. डाळीत प्रथिन भरपूर, पण ते पचवणाऱ्याचेच हात बांधलेले. केल्डालच्या आकड्यात प्रथिन उत्तम दिसणार आणि अंगाला मात्र लागणार नाही. कमलाबाईंनी एका सहकाऱ्याबरोबर वालातून आणि डबल बीतून हे ट्रिप्सिनरोधक शुद्ध स्फटिकाच्या रूपात वेगळे काढले, आणि ते काम १९५५ साली ‘नेचर’मध्ये छापून आलं. वाल ‘नेचर’मध्ये! आपल्या ताटातल्या कडधान्याला एवढा मान त्याआधी फार वेळा मिळाला नसेल.

हे मोजणं अवघड नाही. दुधातलं केसीन हे प्रथिन घ्या, त्यात ट्रिप्सिन घाला, ३७ अंशांवर वीसेक मिनिटं ठेवा. ट्रिप्सिन केसीनचे तुकडे करतं. मग ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिड घातलं की न तुटलेलं केसीन साखळून खाली बसतं, तुकडे वर पाण्यातच राहतात. गाळा, आणि वरच्या पाण्यात तुकडे किती ते मोजा. आता दुसऱ्या नळीत तेच सगळं, फक्त वालाचा अर्क जास्तीचा. तिसऱ्या नळीत उकळलेल्या वालाचा अर्क. चौथ्या नळीत ट्रिप्सिनच नाही, कारण अर्कातले मूळचे तुकडे मोजणीत येऊन फसवू शकतात. दुसऱ्या नळीत आकडा घसरतो, तिसऱ्या नळीत बराचसा पूर्ववत होतो. उष्णतेनं रोधकाचा पीळ सुटतो, म्हणून वाल भिजवून, मोड आणून, सोलून, शिजवून खायची पद्धत बरोबर निघते. या चार नळ्यांतली एक जरी वगळली तरी निष्कर्ष लंगडा होतो. प्रॅक्टिकलला ब्लँक लावायचा कंटाळा करून सीनियरच्या जर्नलमधून रीडिंग उतरवणाऱ्यांनी चौथी नळी पुन्हा एकदा वाचावी.

नीरेचंही काम असंच. शिंदी किंवा ताडाच्या झाडाचा आंबण्यापूर्वीचा ताजा रस म्हणजे नीरा. उन्हं चढली की आंबायला लागते, मग तिची ताडी होते. त्यांच्या विभागात नीरेतलं जीवनसत्त्व क, लोह वगैरे मोजलं गेलं आणि ती आटवून गूळ केला तरी यातलं बरंच टिकतं असं दिसलं. जीवनसत्त्व क मोजायची एक जुनी रीत मजेशीर आहे. निळ्या रंगाचं एक रसायन त्यात थेंबथेंब सोडतात. जीवनसत्त्व आहे तोवर प्रत्येक थेंबाचा रंग उडून जातो. ज्या थेंबाला गुलाबी छटा टिकून राहिली, तिथं जीवनसत्त्व संपलं. पण आकडे नळीतच ठेवून त्या थांबल्या नाहीत. कुपोषित आदिवासी किशोरांना आणि गरोदर बायांना नीरा देऊन तब्येतीत काय फरक पडतो तेही बघितलं गेलं, आणि सुधारणा दिसली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. मुंबईच्या आरे दूध योजनेलाही त्यांनी दुधाच्या गुणवत्तेबाबत सल्ला दिला.

एवढं सगळं करूनही संस्थेच्या संचालकपदाची खुर्ची त्यांना मिळाली ती चार वर्षं उशिरानं, अंतर्गत राजकारणामुळं. १९३३ च्या अटी निदान तोंडावर सांगितलेल्या होत्या. या वेळच्या कुणी सांगितल्याही नाहीत.

आणि त्या बटाट्यातल्या पदार्थाचं पुढं काय झालं? सायटोक्रोम सी हे लहानसं प्रथिन, माणसात १०४ अमिनो आम्लांची साखळी. माणसाची आणि चिंपांझीची साखळी हुबेहूब सारखी, यीस्टची आणि वनस्पतींची बरीच वेगळी. फरक मोजून सजीवांची वंशावळ मांडता आली. मग १९९६ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत दिसलं की पेशी स्वतःला संपवायला निघते तेव्हा हेच सायटोक्रोम सी मायटोकाँड्रियातून बाहेर, पेशीद्रवात सांडतं, आणि मरणाची पुढची साखळी सुरू होते. श्वास चालवणारंच मरणाचा निरोपही देतं. आज कर्करोगाचं नवं औषध पेशींवर तपासताना, पेशी खरंच मरतेय का हे बघायला पेशीद्रवात सायटोक्रोम सी किती आलं ते मोजतात. स्पेक्ट्रोस्कोपच्या रेघेऐवजी आता प्रतिपिंडं वापरतात, तरी शेजारी औषध न दिलेल्या पेशींची थाळी लागतेच.

विज्ञान संस्थेतलं काम थांबल्यावर कमलाबाई घरी बसल्या नाहीत. १९६६ साली मुंबईत नऊ बायकांनी मिळून ग्राहकांसाठी एक संस्था काढली होती, कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया. कमलाबाई तिच्या कामात उतरल्या, १९८२-८३ मध्ये अध्यक्षही झाल्या. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात त्या ग्राहकांसाठी लिहीत. भेसळ म्हणजे तरी काय, पदार्थात जे आहे आणि जे आहे असं सांगितलं जातं, त्यांतला फरक. तो मोजता येतो. आपल्या भागात हळदीचे ढीग लागतात, म्हणून हळदीचंच उदाहरण घ्या. प्रयोगशाळेत हळदीच्या पाण्यात हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब टाकले आणि आलेला गुलाबी रंग पाणी घालून पातळ केल्यावरही टिकला, तर मेटॅनिल यलो या घातक रंगाची शंका धरायची. पाणी घातल्यावर गुलाबी गेला तर तो हळदीचा स्वतःचा. बघा, इथंही एकच रीडिंग घेऊन थांबणारा फसतो.

१९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं त्यांना दिल्लीला सत्कारासाठी बोलावलं. वयाची पंच्याऐंशी उलटून गेलेली. समारंभ सुरू असतानाच त्या कोसळल्या, आणि त्यानंतर थोड्याच अवधीत गेल्या. दुर्गाबाई आणखी चार वर्षं होत्या.